न नासलेलं दूध

त्या उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्याचं मशीन बिघडलं आणि दूधवालीच्या घराचे दिवस फिरले.

तसे ते आधीच फिरले होते. तिचा नवरा गोठ्यात भरलेलं कॅन उचलताना घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. कंबरेपासून खाली प्लास्टर. खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघायचं आणि बायकोला हुकूम सोडायचे, एवढंच त्याचं काम उरलं. पण गायी काही माणसाचं हाड जुळेपर्यंत थांबत नाहीत. घरची एक गाय, शिवाय वस्तीवरच्या पाचसहा घरांचं दूध गोळा करून शहरात घालायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. बाई उठली, पदर खोचला आणि तीनचाकी गाडीच्या पायडलवर पाय ठेवला.

"जमेल का तुला?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही जमलं तर तुम्ही येणार आहात का?" ती म्हणाली. दोघंही थोडं हसले. हसण्यासारखं नव्हतं खरं तर.

पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या की परसाकडे बसलं तर उठता येईना. तेही जमलं. चढावर उतरून गाडी ढकलायची, उतारावर ब्रेक दाबून दाबून मनगट दुखायचं, तेही अंगवळणी पडलं. जमलं नाही ते ऊन. सकाळी काढलेलं दूध शहरात पोचेपर्यंत कोमट व्हायचं. पूर्वी नवरा वाटेत कारखान्यावर थांबून बर्फाच्या लादीचा तुकडा घ्यायचा, पोत्यात गुंडाळून कॅनांच्या मधोमध बसवायचा. आता कारखान्याच्या दाराला कुलूप आणि कुलपावर धूळ.

पहिला फटका बसला चहावाल्याकडे. बसथांब्यासमोर त्याची टपरी, सकाळची गर्दी ऐन भरात. त्यानं दूध पातेल्यात ओतलं, स्टोव्ह मोठा केला आणि बघता बघता पातेल्यात नुसत्या गाठी झाल्या.

"ए बाई, इकडे ये," तो ओरडला. "हे काय आहे?"

"नासलं वाटतं."

"वाटतं? तुला अजून वाटतंच आहे का?" गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं पातेलं उचललं आणि तिच्या पायाशी रिकामं केलं. गरम पाणी आणि पांढऱ्या गाठी तिच्या चपलांवरून गटारात गेल्या. "नवरा होता तेव्हा असं कधी झालं नाही. बाईमाणसाचं काम नाही हे."

बाकावरचा एकजण हसला. तिनं चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली आणि गाडी पुढे काढली. पायाला चटका बसला होता. घरी तिनं काही सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं, आणि शेवटी चहावाल्यानं सांगून टाकलं, "आणखी एकदा नासलं तर येऊ नकोस. मी दुसरा बघतो."

दुसरा म्हणजे कोण, ते तिला ठाऊक होतं. डेअरीची गाडी. तिला थंड पेटी असते, ती काय कुणाच्या मांड्यांवर चालते?

त्याच दिवसांत पुलाजवळ तिला तपासणी साहेबांनी थांबवलं.

साहेब म्हणजे सडपातळ, घामेजलेला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा माणूस. बरोबर एक शिपाई, त्याच्या हातात लाकडी पेटी. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाले, "खाण्यापिण्याच्या वस्तू तपासायचा देशाचा कायदा आहे. सॅम्पल घ्यायचंय."

तिनं कॅनच्या झाकणावर हात ठेवला. पाणी ती घालत नव्हती, पण हात ते ऐकतो थोडाच?

साहेबांनी सगळं रीतसर केलं. दूध ढवळायला लावलं, माप भरून घेतलं, चार बाटल्यांत वाटून ओतलं. मग शिपायानं पेटीतून एक छोटी तपकिरी बाटली काढली आणि साहेबांनी तिच्यातले थोडे थेंब चारही बाटल्यांत सोडले. नाकात झोंबणारा वास आला. बुचं, दोरा, लाख, शिक्का. वाटेनं जाणाऱ्या एका माणसाला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. तो बिचारा भाजी आणायला निघाला होता, त्याला वाटलं आता आपल्यालाच धरतात.

"साहेब, ते थेंब कसले घातले?" तिनं विचारलं.

"दूध नासू नये म्हणून," साहेब लाख फुंकत म्हणाले. "प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत महिना जातो. तोवर ते जसंच्या तसं राहायला पाहिजे ना?"

"महिनाभर राहतं?"

"राहतं की."

साहेब जीपकडे गेले. शिपाई पेटी आवरत मागे राहिला होता. तिनं त्याला हळूच विचारलं, "दादा, हे औषध मिळतं कुठं?" शिपायानं नाव सांगितलं, दुकान सांगितलं. माणूस चांगला होता, विचारलं ते सांगितलं. नाव अवघड होतं. विसरू नये म्हणून शहरात शिरेपर्यंत ती पायडलच्या तालावर ते घोकत गेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कशी भोळी? पण तिच्या जागी उभं राहून बघा. सरकारचा माणूस, कायद्याचा माणूस, भर रस्त्यात साक्षीदारासमोर दुधात औषध घालतो आणि सांगतो की यानं दूध नासत नाही. डॉक्टरनं सुई टोचली तर आपण विचारतो का, की बाबा, आत काय आहे?

दुकानदारानं मात्र बाटली कागदात गुंडाळताना विचारलं, "कशाला हवंय?"

"सॅम्पलला," ती म्हणाली. तो शब्द तिला नुकताच मिळाला होता.

"बरं. हात जपा हो."

हात जपा. दुकानातून बाहेर पडताना तिनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवसापासून दूध नासायचं थांबलं. सगळ्या वस्तीचं दूध गोळा झालं की शेवटच्या वळणावरच्या झाडाखाली ती गाडी थांबवायची, इकडेतिकडे बघायची, झाकण काढून थेंब सोडायची आणि ढवळायची. इकडेतिकडे का बघायची, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. चहावाला दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पातेलं उकळताना म्हणाला, "आता कसं! शिकलीस तू." आणि तिला एक चहा पुढे केला, फुकट.

"नको, मी चहा सोडलाय," ती म्हणाली.

हेही तिच्या तोंडून आपसूकच आलं.

घरी मात्र आणखी एक गोष्ट आपसूक व्हायला लागली. आपल्या गायीचं दूध ती सगळ्यात आधी काढायची आणि दोन भांड्यांत बाजूला ठेवायची. एक घरच्यासाठी. दुसरं छोट्या कॅनमध्ये, नणंदेसाठी. धाकटी नणंद शहरातच दिली होती, विणकरांच्या गल्लीत. तिला वर्षाची मुलगी होती. नणंदेचं अंगावरचं दूध आटलं होतं, पोर वरच्या दुधावरच वाढत होती.

"हे छोटं कॅन कशाला?" खाटेवरून नवऱ्यानं विचारलं. "पूर्वी तर सगळं एकातच जायचं."

"पोरीला एकाच गायीचं द्यावं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात," असं सांगून ती बाहेर गेली. नवऱ्यानं पुन्हा विचारलं नाही. खाटेवरच्या माणसाला फार विचारायचा हक्क नसतो, असं त्याला वाटत असावं. पण त्या रात्री जेवताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, हे त्यानं पाहिलं.

उन्हाळा तापत गेला. विणकरांच्या गल्लीत तिची दहाबारा गिऱ्हाइकं होती. पहिल्याच घरात एक म्हातारी सदा खिडकीत बसलेली असायची, म्हणून सगळे तिला खिडकीवाली म्हणायचे. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाचं भांडं वाजलं, सगळं तिच्या हिशेबी. तिच्याकडे एक नातू होता, दुधाचा कप घेऊन दारात उभा राहायचा. नणंदेचं घर बरोबर तिच्यासमोर. शेवटच्या घरात मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले.

"बाई, तुमचं दूध हल्ली फार टिकतं हो," मास्तर एक दिवस म्हणाले. "काल सकाळचं संध्याकाळी विसरून बाहेरच राहिलं, तरी काही नाही झालं."

"चांगल्या गायींचं आहे, मास्तर."

"असेल, असेल. मला आपली जळजळ होते हल्ली पोटात. वयच झालं म्हणा."

ती माप भरत होती. माप थोडं सांडलं.

गल्लीत एक मांजर होतं. पूर्वी गाडी आली की ते चाकाशी घुटमळायचं, झाकणाखाली ओघळलेले थेंब चाटायचं. अलीकडे ते यायचं, हुंगायचं आणि शेपटी वर करून निघून जायचं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं मांजरानं डोळे उघडे ठेवले होते आणि बाईनं मिटले होते.

मग तो दिवस उजाडला. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण फुटलेलं होतं. रोज ती चाक चुकवून न्यायची. त्या दिवशी समोरून कापडाच्या गाठोड्यांचा हातगाडा आला, तिनं गाडी बाजूला घेतली, चाक खड्ड्यात गेलं आणि छोटं कॅन उलटलं. झाकण उडालं. ती उतरेपर्यंत नणंदेचं सगळं दूध फरशांच्या भेगांतून वाहत निघालं.

नणंद पातेलं घेऊन दारातच उभी होती. काखेत पोरगी, तोंडात मूठ.

"लागलं का वहिनी?"

"नाही गं. तुझं दूध मात्र सांडलं."

"मग काय झालं? यातलं घाल की." तिनं मोठ्या कॅनकडे हनुवटी केली आणि पातेलं पुढे धरलं.

दूधवाली तशीच उभी राहिली. समोरच्या खिडकीत म्हातारी. खिडकीखाली नातू, कप घेऊन. हिला नाही म्हणावं तर का म्हणून सांगायचं? उद्या आणते म्हणावं, तर पोर आज काय पिणार? आणि खिडकीवाली विचारणारच, काय गं, आम्हाला चालतं ते तुझ्या भाचीला का चालत नाही?

"वहिनी, ऊन लागलं का तुला?" नणंद म्हणाली. "घाल ना. पोरगी सकाळपासून किरकिरतेय."

तिनं माप बुडवलं. माप वर आलं. पातेल्यात दूध पडलं, त्याचा आवाज तिला इतका मोठा वाटला की आता सगळी गल्ली दारात येईल. कुणी आलं नाही. नणंद हसली आणि आत गेली. मग खिडकीवालीचं माप, मग पुढची घरं, रोजच्यासारखं. हात काम करत होते. कानात मात्र तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मास्तरांच्या दारातून वळताना तिनं मागे पाहिलं. गटाराशी मांजर बसलं होतं. फरशीवर सांडलेलं छोट्या कॅनमधलं दूध ते लपालपा चाटत होतं. कान मागे, डोळे मिटलेले, अगदी जीव तोडून. कितीतरी दिवस तिच्या थेंबाला न शिवलेलं मांजर.

"अगं आई गं," ती म्हणाली आणि गाडी तिथंच टाकून पळत सुटली.

नणंदेच्या स्वयंपाकघरात पातेलं शेगडीवर होतं, वर साय धरू लागली होती. पोरगी जमिनीवर बसून चमचा आपटत होती. दूधवालीनं फडकं शोधलंच नाही. दोन्ही हातांनी कड पकडून पातेलं उचललं आणि मोरीत ओतून दिलं.

"वहिनी! हात! वेड लागलं का?"

"ते देऊ नको तिला. औषध आहे त्यात."

"कसलं औषध?"

"नासू नये म्हणून घालते मी. साहेबांनी घातलेलं बघितलं होतं. कसलं ते मला माहीत नाही."

नणंदेनं पोरीला उचलून छातीशी धरलं. "कधीपासून घालतेस?"

"महिना होत आला."

"आणि आम्हाला पाजलंस?"

"तुला नाही गं. पोरीची शपथ, तुला नाही. तुझं मी वेगळं ठेवायची, आपल्या गायीचं."

एवढं बोलून तिला वाटलं, आता नणंद जरा शांत होईल. नणंद शांत झालीच, पण वेगळी. तिनं खिडकीतून समोर पाहिलं. समोरच्या पायरीवर तो नातू दुधाची मिशी पुसत होता.

"आणि त्याचं?" नणंद म्हणाली.

दूधवालीनं रिकामं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणतेस माहीत नव्हतं. मग माझं वेगळं का ठेवत होतीस वहिनी?"

मोरीच्या तोंडाशी साय अडकली होती. दूधवालीच्या तळहातांवर फोड उठत होते आणि तिला ते कमीच वाटत होते. आपल्या मनानं जे कबूल केलं नव्हतं ते आपल्या हातांनी रोज सकाळी न चुकता केलं होतं, आपलं ते बाजूला आणि लोकांचं ते झाडाखाली. याला न कळणं म्हणत नाहीत. तिला लाज वाटली, इतकी की नणंदेच्या पायाशी बसावं असं वाटलं. पण बसून काय होणार होतं?

ती बाहेर आली आणि पहिल्यांदा खिडकीवालीसमोरच उभी राहिली. "आजी, दूध टाकून द्या. पोराला देऊ नका. मी औषध घातलंय त्यात."

खिडकीवाली आयुष्यभर गल्लीवर ओरडत आली होती. त्या क्षणी तिला आवाजच फुटला नाही. मग फुटला, तो सगळ्या गल्लीत ऐकू गेला. दारं उघडली. बायका पातेली घेऊन बाहेर आल्या आणि एकेक करून तिच्यासमोर गटारात रिकामी करू लागल्या. कुणी शिव्या दिल्या, कुणी दिल्या नाहीत. न देणाऱ्या जास्त लागल्या. मास्तर दाराला धरून उभे होते, एक हात पोटावर.

"पोरं आहेत आमची, पोरं!" खिडकीवाली म्हणाली. "कुणी बघणारं आहे की नाही यावर? कायदा आहे ना? कोण बघतं तो?"

"मीच जाते," दूधवाली म्हणाली. "मीच जाऊन सांगते."

"जाशील तू! वळणावरून पळशील."

"नाही पळणार. मी जाते ना तिच्याबरोबर," नणंद म्हणाली. तिनं पोरगी खिडकीवालीच्या मांडीवर दिली. "गायीचं दूध डेअरीतून मागवा आज हिला. तुमच्या नातवालाही." मग तिनं चपला घातल्या. वहिनीकडे तिनं पाहिलं नाही.

मोठं कॅन अजून अर्धं होतं. तेवढं पुराव्याला ठेवून त्या निघाल्या. आधी बसथांब्यावर थांबून तिनं चहावाल्याला सांगितलं. त्यानं उकळतं पातेलं खाली उतरवलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिला काय वाटेल ते बोलला. तिनं ऐकून घेतलं. या वेळी बाकावरचं कुणी हसलं नाही, सगळे आपापल्या कपात बघत होते.

मग नगरपालिका, कारण त्या तपासणी साहेबांची कचेरी कुठं ते तिला ठाऊक नव्हतं. तिथला आरोग्य कारकून पंख्याखाली कलिंगड खात होता. त्यानं सगळं ऐकलं, बी थुंकली आणि म्हणाला, "आमच्याकडे मटण आणि गटारं. दूध वरच्या खात्याकडे."

"पण कायदा..."

"कायदा सबंध देशाचा आहे बाई. अंमल ज्यानं त्यानं आपापला करायचा."

"मग माझा कोण करणार?"

कारकुनाला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यानं दवाखान्याकडे बोट दाखवलं. दवाखान्यातल्या बाईंनी तिच्या हाताला मलम लावलं आणि विचारलं, "कुणी दगावलंय का? कुणी दाखल झालंय?"

"अजून नाही."

"मग आमच्याकडे नाही येत ते. झालं कुणी तर लगेच आणा."

वजनमापाच्या कचेरीत तिथल्या माणसानं मोठ्या आशेनं तिचं माप तपासलं. माप बरोबर निघालं. "तुमचं तर सगळं चोख आहे," तो म्हणाला. पोलिसचौकीतल्या हवालदारानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि नणंदेला विचारलं, "तुमचं भांडण आहे का? तसं असेल तर घेतो लिहून." हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला निघालेली बाई, पण तिचा हात बघायलाही कुणी तयार होईना. चोराला पकडायला माणसं कमी पडतात म्हणतात. इथं चोर दारोदार फिरत होता आणि प्रत्येक दारावर पाटी लावलेली होती, पुढच्या दारी जा.

ऊन डोक्यावरून कलू लागलं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. नणंद मागून गाडी ढकलत होती, एक शब्द न बोलता. एकदा चढावर दूधवाली थांबली, झाकण काढून आत वाकली. दिवसभर उन्हात तापलेलं दूध. एरवी एव्हाना त्याचं दही, पाणी, जे काय व्हायचं ते होऊन कॅन फेकायच्या लायकीचं झालं असतं. दूध पांढरंशुभ्र होतं, पातळ होतं, सकाळी होतं तसं. तिला त्याची भीती वाटली.

"ताई, आंबट वास येतो का बघ गं," ती म्हणाली. तो यावा अशी तिची फार इच्छा होती.

नणंदेनं वाकून हुंगलं. "नाही येत," ती म्हणाली. इतक्या वेळात ती एवढंच बोलली.

विचारत विचारत गेल्यावर तपासणी साहेबांची कचेरी धान्याच्या गोदामामागे एका जिन्यावर निघाली. खोलीत एक टेबल, एक कपाट, कोपऱ्यात ती लाकडी पेटी. साहेब डबा उघडून बसले होते, ब्रेडचा तुकडा हातात. एवढ्या उशिरा पहिला घास. सबंध जिल्ह्याला ते एकटे, हे नंतर शिपायानंच नणंदेला सांगितलं. दुकानं, हॉटेलं, गाडे, डेअऱ्या, सगळ्याला मिळून एक साहेब आणि एक जीप, तीही आळीपाळीनं मिळणारी.

साहेबांनी तिला ओळखलं. "बसा बसा. तुमचा रिपोर्ट परवाच आला. दूध एकदम शुद्ध आहे तुमचं. घाबरायचं कारण नाही."

"तेव्हाचं असेल साहेब. आताचं नाही." कॅन वर आणताना तिला धाप लागली होती. तिनं ते टेबलाजवळ ठेवलं. "आता मी औषध घालते त्यात. तेच, तुमच्या तपकिरी बाटलीतलं."

ब्रेडचा तुकडा डब्यात पडला. "कुणी सांगितलं तुम्हाला घालायला?"

"तुम्हीच घातलंत की माझ्यासमोर."

"अहो, ते पिण्यासाठी नसतं! ते विष आहे. ती बाटली कुणी पिणार नसतं, ती नुसती तपासायची असते. तुम्हाला एवढंही..." साहेब थांबले. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, त्यांनी तो वर ढकलला नाही. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"नाही साहेब. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नासू नये म्हणून."

शिपाई दाराजवळ उभा होता. "दुकान मी सांगितलं, साहेब," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं सहज विचारतेय."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "दर वेळी रस्त्यातच घालतो आपण. सगळे दूधवाले बघत असतात. सगळे विचारतात. मी सगळ्यांना तेच सांगतो." त्यांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं खाली पाहिलं. खोलीतल्या चौघांनाही एकाच वेळी किती वाटा, किती पूल, किती कॅन दिसले असतील कोण जाणे.

"ते राहू द्या," दूधवाली म्हणाली. "माझा निकाल लावा आधी. मला माहीत नव्हतं असं लिहू नका. माझ्या घरचं मी वेगळं काढत होते."

"केस होईल. धंदा बंद होईल तुमचा."

"होऊ दे."

"घरी कोण कोण आहे?"

"नवरा आहे, खाटेवर." नवऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं. तो वाट बघत असेल, छताकडे बघत, एवढा उशीर का म्हणून. पाणी द्यायलाही त्याला कुणी नव्हतं. "ते माझं मी बघेन. तुम्ही सॅम्पल घ्या."

साहेब उठले. शिपायानं पेटी टेबलावर आणली. साक्षीदार लागतो म्हणाल्यावर नणंद पुढे आली आणि म्हणाली, "मी करते सही." सही करण्याआधी तिनं वहिनीच्या मलम लावलेल्या हातांकडे पाहिलं. नंतर कॅनचं झाकण तिनंच काढलं, वहिनीला ते काढता येईना म्हणून.

दूध ढवळलं, मापलं, चार बाटल्यांत ओतलं. संध्याकाळचं पिवळं ऊन टेबलावर आलं होतं, त्यात चारही बाटल्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. इतकी वर्षं एकच काम करणारा साहेबांचा हात सवयीनं पेटीत गेला. तपकिरी बाटली बाहेर आली, बूच निघालं, हात पहिल्या बाटलीवर आला.

"राहू द्या साहेब," दूधवाली म्हणाली. "घातलंय मी."